रांगेतल्या म्हाताऱ्या

वायसन कापालामुला कुठल्याही गोष्टीला आधी क्रमांक देई आणि वेळ उरलाच तर मग ती गोष्ट बघे. ताटात मक्याच्या पिठाची न्सिमा आणि भाजी आली की आधी काय खायचं हे ठरवणार, दारात पाहुणे आले की कोणाचा नमस्कार तातडीचा आणि कोणाचा सवडीचा तेही ठरवणार. त्याची बायको म्हणायची, "लग्नाआधी मी तातडीची होते. आता मला 'पाहू'मध्ये टाकलंय." ती हे हसून सांगायची, पण त्या हसण्यात फारसा जीव नसायचा.

हा स्वभाव नुसताच असता तर त्रास घरच्यांपुरता राहिला असता. दुर्दैवाने वायसनला त्याच स्वभावाची नोकरी मिळाली. राजधानी लिलोंग्वेत शेतीची एक ज्ञानपेढी होती, लोक तिला नुसती बँक म्हणत. नाव पेढीचं असलं तरी तिथे पैशांचं काही नव्हतं. देशभरातले शेतकरी मोबाइलवरून निरोप पाठवत, पिकाला काय झालंय, कुठलं औषध मारू, पंप कुठे मिळेल. प्रत्येक निरोप आधी वर्गीकरणाच्या टेबलावर येई. तिथे त्याचा विषय ठरे, तातडी ठरे आणि मगच तो योग्य माणसाकडे जाई. हे टेबल वायसनचं. पगार बेताचा, खुर्ची प्लास्टिकची, पण त्याने हो म्हटल्याशिवाय देशातली एक अळीसुद्धा अधिकृतपणे अळी होत नसे.

"माहिती म्हणजे कणीस," तो ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला ऐकवी. "सोलल्याशिवाय कोणी खातं का? मग सोलणारा मोठा की पिकवणारा?" उत्तर त्यालाच द्यायचं असे, म्हणून कोणी मधे बोलत नसे. निरोपांचे त्याने चार कप्पे केले होते: 'आत्ताच्या आत्ता', 'या आठवड्यात', 'सवडीने' आणि 'पाहू'. सगळ्यात जास्त माल 'पाहू'मध्ये होता. तिथे गेलेला निरोप पुन्हा कोणी पाहिल्याचं ऐकिवात नाही.

पेढीचं सगळं कामकाज इंग्रजीत चाले, कारण तिला पैसा पुरवणारे देणगीदार इंग्रजी वाचत. शेतकरी लिहीत चिचेवात. मधे एक यंत्र भाषांतर करी. वायसनच्या पडद्यावर वर ठळक इंग्रजी ओळ येई आणि खाली बारीक करड्या अक्षरांत मूळ चिचेवा ओळ. पहिल्याच महिन्यात वायसनने ती करडी ओळ बंद करून घेतली. डोळ्यांपुढे कचरा नको, असं कारण त्याने दिलं. चिचेवा ही त्याच्या आईची भाषा, पण तिच्यात त्याला हुद्दा दिसत नसे.

आता हुद्द्याचंच म्हणाल, तर वायसनचा खरा हुद्दा लिलोंग्वेत नव्हता, न्चिसीच्या डोंगराळ भागातल्या त्याच्या गावी होता. आमच्या चेवा लोकांत घर बहिणीचं, शेत बहिणीचं, पोरंही बहिणीच्या कुळातली, पण त्या सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क भावाचा. मामा बोलला की कुटुंब बोललं. ऑफिसात ज्याला चहावाला नावानेही ओळखत नसे, त्याच्यापुढे गावात भाच्या गुडघे टेकून नमस्कार करत. आणि यंदा तर त्याची धाकटी बहीण लिझिनेटी हिची मुलगी तियामिके लग्नाची होती. आमच्याकडे मुलीची आई मुलाकडच्यांशी लग्नाचं थेट बोलत नाही. दोन घरांमधला शब्द न्खोस्वे नेतो आणि आणतो, आणि न्खोस्वे मुलीचा थोरला मामा. वायसनने त्यासाठी गडद निळा कोटही शिवून घेतला होता. सुगी झाली की लिझिनेटीच्या मक्यावर लग्नाचं जेवण उठणार आणि वायसन दोन घरांच्या मधे उभा राहून बोलणार. आयुष्यात त्याला याच्याइतकं दुसरं काही हवं नव्हतं. हे एक मात्र त्याने कुठल्या कप्प्यात टाकलं नव्हतं.

नाताळात गावी गेला तेव्हा त्याने सगळ्यांना बसवून बजावलं, "कोंबडी शिंकली की मला फोन करायचा, हे आता बंद. काही विचारायचं तर बँकेच्या नंबरावर निरोप पाठवा. तिथून तो रीतसर माझ्याकडे येईल."

"पण दादा, तुम्ही तर आमचेच ना," लिझिनेटी म्हणाली.

"घरी मी मामा. ऑफिसात मी यंत्रणा."

त्याचा धाकटा भाऊ झाकेयू तिथेच सायकलीचं चाक मांडीवर घेऊन पंक्चर शोधत बसला होता. गावात सायकली दुरुस्त करायचा त्याचा धंदा, आणि जीभ त्याच्या पान्यापेक्षा जास्त चालायची. तो म्हणाला, "म्हणजे घर पेटलं तर आधी विषय लिहायचा?"

"विषय आणि तातडी," वायसन म्हणाला. त्याला यात विनोद दिसला नाही.

जानेवारीत मका गुडघ्याला लागला आणि न्चेम्बेरे झांडोंडा आल्या. हे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. काळ्या अळ्या असतात, एकीमागून एक चालत एका शेतातून दुसऱ्यात जातात आणि मागे नुसते दांडे ठेवतात. कुठल्यातरी वात्रट पूर्वजाने त्यांना नाव दिलं, 'रांगेतल्या म्हाताऱ्या'. त्यांच्यावर उपायही ठरलेला. विभागाच्या कृषी केंद्राच्या कोठारात औषध आणि पंप भरून ठेवलेले असतात. पूर्वी गावप्रमुखाने जाऊन आरडाओरडा केला की कोठार उघडे. ज्ञानपेढी आल्यापासून मात्र पेढीचा संदेश आल्याशिवाय कुलूप निघत नाही. याला सुधारणा म्हणतात.

लिझिनेटीने भावाचं ऐकलं. बँकेच्या नंबरावर तिने चिचेवात लिहिलं, "रांगेतल्या म्हाताऱ्या शेजारणीच्या मक्यात शिरल्या. तिथलं सगळं खाल्लं. उद्या आमच्याकडे येतील. त्यांना काय द्यायचं? लवकर सांगा." यंत्राने एकेक शब्द इमानदारीने इंग्रजीत केला. गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव गाळलं. आणि निरोप तिच्या सख्ख्या भावाच्या पडद्यावर येऊन बसला.

लहानपणी याच अळ्या वायसनने फांदीने झोडपून काढल्या होत्या. रस्त्यात कोणी पाठीमागून ते दोन चिचेवा शब्द उच्चारले असते तर तो गर्रकन वळून आधी जमिनीकडे बघता. पण इंग्रजी वाचताना तो विचारही इंग्रजीत करी, आणि त्याचं बालपण काही इंग्रजीत गेलेलं नव्हतं. इंग्रजीत म्हातारी म्हणजे म्हातारी. त्याने ओळ वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. उपाशी वृद्ध महिला, शिवाय रांगेत, म्हणजे संघटित. शेतोशेती फिरून खात आहेत. आणि शेतकरी बिचारा विचारतोय, त्यांना काय द्यायचं.

त्याला भरून आलं. ते म्हाताऱ्यांच्या दुःखाने आलं असं कोणी समजू नये. देणगीदारांनी 'वृद्ध महिला' नावाचा नवा विषय उघडायला लावला होता आणि तो कित्येक महिने रिकामा पडून होता. पेढीच्या प्रमुख मायी झिंबिरी (आमच्याकडे बाईंना मायी म्हणतात, साहेबांना बांबो) रोज विचारत, "बांबो कापालामुला, म्हाताऱ्यांमध्ये काही आलं का?" वायसन रोज मान खाली घाली. आज त्याने मान वर करून विषय लिहिला, 'वृद्ध महिला', आणि निरोप 'आत्ताच्या आत्ता'मध्ये टाकला. तातडी त्याने अचूक ओळखली, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

प्रत्येक विषयाचं एक तयार उत्तर असे. वायसनने कळ दाबताच ते त्याच्या नावानिशी निघालं: "आपल्या प्रश्नाबद्दल आभार. त्यांचं आदराने स्वागत करा. बसायला चटई द्या, कोमट पेज द्या. त्यांना घाई करू नका. त्यांच्याकडे पिढ्यांचं ज्ञान आहे, ते समजून घ्या. शक्य तर त्यांची समिती स्थापन करा. डब्ल्यू. कापालामुला, वर्गीकरण."

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. लिझिनेटी. तो तेव्हा मायी झिंबिरींच्या खोलीत होता, आणि 'शेतकऱ्याशी थेट संवाद' या विषयावर देणगीदारांना काय कळवायचं ते दोघं ठरवत होते. त्याने फोन कापला. तिने परत केला, त्याने परत कापला. मग झाकेयूचा आला.

"घरून आहे का काही?" मायी झिंबिरींनी विचारलं.

"घरचे लोक, मायी. क्रम कळत नाही त्यांना," वायसन म्हणाला आणि फोन बंद करून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायी झिंबिरी स्वतः चालत त्याच्या टेबलापाशी आल्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. देणगीदार खूश होते. त्यांना फोटो हवे होते. "गाडी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "फोटो रांगेतलेच काढा. इकडे तिकडे बसलेल्या म्हाताऱ्या नकोत, तशा सगळीकडेच असतात." गाव कुठलं ते यंत्राकडून काढून त्यांनी थेट ड्रायव्हरच्या फोनवर पाठवलं. गोपनीयता फोटोपुढे टिकत नाही. गाडीत चटया चढल्या, पेजेच्या पिठाची पोती चढली, 'आमच्या म्हाताऱ्या, आमचं ज्ञान' असा फलक चढला आणि निळा कोट घालून वायसन चढला.

ड्रायव्हर लॅक्सन अबोल माणूस. त्याला सांगितलं होतं की वृद्ध महिलांचा कार्यक्रम आहे, आणि असल्या कार्यक्रमांना माणसं पोचवून त्याचे केस पिकले होते. डांबरी रस्ता संपला, तंबाखू सुकवायच्या झोपड्या मागे पडल्या, तेव्हा तो म्हणाला, "बांबो, फोन आता डावीकडे म्हणतोय."

"डावीकडे माझं गाव आहे," वायसन म्हणाला.

"मग बरंच झालं. म्हाताऱ्या ओळखीच्या निघतील."

वायसनला अजूनही उमगलं नाही. उलट त्याची छाती फुगली. आपल्याच गावच्या म्हाताऱ्यांनी देशात पहिली रांग काढली. या रांगेची पुढारी कोण असेल, हे तो मनातल्या मनात ठरवू लागला. आईच्या चुलत बहिणीवर त्याचा दाट संशय होता, कारण तिला पहिल्यापासून दुसऱ्याच्या चुलीपाशी बसायची सवय.

गाडी शेतांपाशी आली. शेजारणीच्या शेतात मका नव्हताच, नुसत्या काड्या उभ्या होत्या. पलीकडे लिझिनेटीच्या बांधावर सगळं गाव वाकून चर खणत होतं. चितेंजेचं रंगीत कापड कमरेला घट्ट बांधून पाच-सहा म्हाताऱ्याही कुदळ मारत होत्या, एकीशेजारी एक.

"त्या बघा," लॅक्सन म्हणाला. "रांगेतच आहेत. काढू का फोटो?"

वायसन खाली उतरला आणि चराच्या काठाशी गेला. चराचा तळ काळा होता आणि हलत होता. अळ्या एकमेकींच्या पाठीवर चढून वर येत होत्या, बायका त्या मातीने लोटत होत्या, आणि ज्या निसटल्या त्या पलीकडे लिझिनेटीच्या मक्यावर चढल्या होत्या. वायसनच्या तोंडून आपोआप शब्द निघाले, न्चेम्बेरे झांडोंडा.

"मग मला सकाळी असं सांगायचं ना," लॅक्सन म्हणाला. "पीठ कशाला भरलं? औषध भरलं असतं."

झाकेयू चरातून वर आला. मातीने माखलेला, डोळे लाल. "आलात दादा? या. तुमच्या सांगण्याप्रमाणे स्वागत केलं आम्ही. चटई टाकली तर चटईवरून पुढे गेल्या. समितीचं विचारलं, पण अध्यक्ष कोण यावर त्यांचं एकमत होईना."

चरातले लोक हसले. लिझिनेटी हसली नाही. तिने मान वर करून भावाकडे पाहिलं आणि परत कुदळ उचलली. पेढीचं उत्तर तिने त्याच बांधावर उभं राहून सगळ्यांसमोर वाचलं होतं, खालच्या नावासकट.

वायसनने कोपऱ्यात जाऊन कृषी केंद्राच्या कोठारवाल्याला फोन लावला. "मी वायसन कापालामुला बोलतोय. ताबडतोब पंप पाठवा."

"बांबो, बँकेचा संदेश कुठाय?" पलीकडून आवाज आला. "त्याशिवाय मला कुलूप काढता येत नाही."

"अरे, तो संदेश मीच पाठवतो. मीच ती बँक."

"असाल. पण तो तुमच्या टेबलावरून यायला लागतो. नियम तुमचाच आहे. भिंतीवर लावलाय मी, खाली तुमची सही आहे."

मग त्याने मायी झिंबिरींना फोन केला. कालच्या निरोपाचा विषय बदला, वृद्ध महिला काढा, कीड लिहा, म्हणाला. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तो आता बदलता येणार नाही. देणगीदारांच्या अहवालात गेला. तुम्ही असं करा, नवा निरोप टाका. रीतसर वर्गीकरण होईल."

तेव्हा वायसन कापालामुलाने बहिणीच्या बांधावर उभं राहून, एखाद्या साध्या शेतकऱ्यासारखा, बँकेच्या नंबरावर निरोप लिहिला. चिचेवात लिहिला. उत्तर लगेच आलं: "आपला निरोप मिळाला. वर्गीकरण अधिकारी सध्या जागेवर नाहीत. ते परतताच आपल्या निरोपाचा क्रम ठरवण्यात येईल."

त्याने फोन खिशात टाकला. मग कोट काढला, बाभळीच्या फांदीवर टांगला आणि चरात उतरला. त्याला कुदळ नीट चालवता येत नव्हती, ते शेजारच्या बाईने सांगितलंही. लॅक्सनने गाडीतलं पीठ उतरवून बायकांच्या हवाली केलं, त्यांनी मोठ्या भांड्यात पेज शिजवली आणि खणणाऱ्यांनी ती आळीपाळीने प्यायली. त्या गावाला ज्ञानपेढीकडून मिळालेली कामाची वस्तू आजवर एवढीच.

ऊन उतरेपर्यंत चर पुरा झाला. निम्मं शेत राहिलं, निम्मं गेलं. लिझिनेटीने हातपाय धुतले, अंगणात खुर्ची मांडली, वायसनला तिच्यावर बसवलं आणि स्वतः रीतीप्रमाणे समोर जमिनीवर गुडघे टेकून बसली. तिच्या वागण्यात कुठे उणं नव्हतं. त्याचीच वायसनला भीती वाटली.

"दादा, राहिलेल्या मक्यात लग्न होईल," ती म्हणाली. "जेवण लहान करू. तियामिकेची हरकत नाही."

"चांगलं झालं. मुलाकडच्यांना मी तसं कळवतो."

"झाकेयू कळवेल. त्याला मी न्खोस्वे व्हायला सांगितलंय."

वायसनने झाकेयूकडे पाहिलं. झाकेयू खाली बघत होता.

"मी थोरला आहे, लिझिनेटी. हा मान माझा."

"मान तुमचाच. पहिली खुर्ची तुमचीच राहील. पण मुलाकडचे जे बोलतील ते जसंच्या तसं माझ्यापर्यंत यायला हवं, आणि मी बोलेन ते त्यांच्यापर्यंत. माझं बोलणं तर तुमच्यापर्यंतच पोचलं नाही."

"ते भाषांतर यंत्राने केलं. यात माझा काय दोष? तुझं मूळ वाक्य खाली असतं, बारीक अक्षरात, पण ते मी..." वायसन मधेच थांबला.

"ते तुम्ही काय?"

अंगणात कोंबड्या अळ्या टिपत फिरत होत्या. लिझिनेटीने वाट पाहिली, भाऊ उत्तर देईल म्हणून खरोखरच वाट पाहिली.

"आपल्या भाषेत लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, हे मला नाताळात सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "मी शेजारणीला विचारलं असतं. तिचं शेत आधीच गेलं होतं, तिला माहीत होतं काय करायचं ते."

तिने टाळी वाजवून रीतीप्रमाणे रजा घेतली आणि ती भांडी घासायला उठली.

लॅक्सनने गाडी सुरू केली. वायसन दार उघडतच होता तेवढ्यात तियामिके धावत आली. गुणी पोरगी, मामावर जीव असलेली. अंगणातल्या बोलण्याने तिला वाईट वाटलं होतं आणि मामाने असं पडल्या चेहऱ्याने जावं हे तिला बघवत नव्हतं. चिखलातच गुडघे टेकून, दोन्ही हात जोडून ती म्हणाली, "मामा, माझ्या लग्नाला नक्की या हं."

आमच्याकडे मामाला भाचीच्या लग्नाचं आमंत्रण नसतं. आमंत्रणं मामा करतो. बोलावतात ते पाहुण्यांना.

"येईन," वायसन म्हणाला.